अर्ध्या किमतीचा दम

वस्तू माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुमुदकाकूंकडे नवी केरसुणी आली आणि सवलतीतला बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर चाचणीला आला. हळदकुंकू एकालाच लागणार होतं. दुसऱ्याला परत जायचं होतं.

“काकू, मी अर्ध्या किमतीत मिळतोय! ही काडी कशाला?” क्लीनर म्हणाला.

“किंमत अर्धी, पण दम पुरा आहे का रे?” केरसुणी म्हणाली. “काकू, त्याला पाचही खोल्या झाडायला सांगा.”

तो ऐटीत घरघरत निघाला. तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर त्याची बॅटरी संपली. “चार तास चार्जिंग,” तो पुटपुटला.

“तोवर लक्ष्मी दारातच उभी राहील होय?” काकूंनी हसून केरसुणी उचलली.

केरसुणीने उरलेल्या खोल्या झाडल्या, त्याच्या खोक्यातून सांडलेले थर्माकोलचे दाणेही गोळा केले आणि हळदकुंकू मिरवत ती पाटावर बसली.