धुराचं बिऱ्हाड

धुराला वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. रानाच्या कडेला हिरूबाई राहायची. तिच्या झोपडीच्या कुडाला कोयता आणि कुऱ्हाड शेजारी शेजारी अडकवलेली असत.

दारासमोरचं ऐनाचं झाड कोळशाच्या भट्टीसाठी तोडलं होतं. उरलेल्या खुंटाला ढीगभर फुटवे आले. हिरूबाईनं कोयत्यानं सगळे छाटले आणि एकच जोमदार फुटवा राखला. "एकच राहील, पण झाड होईल," ती म्हणाली.

कुऱ्हाड कोयत्यावर करवादली, "कसाई मेला! कोवळी पोरं कापतोस. मी बघ, झाड मोठं होईपर्यंत त्याला हातही लावत नाही."

"तुझं-माझं राहू दे," कोयता म्हणाला. "झाडात राहणाऱ्यालाच विचारू."

वर्षं गेली. राखलेला फुटवा हिरूबाईच्या कवेत मावेना. जुना ऐन भट्टीत जळताना त्यातून निघालेला धूर इतके दिवस आभाळात बेघर हिंडत होता. तो खाली उतरला आणि पानापानांतून ऐनात शिरू लागला.

"दाटीत सगळे काडीसारखेच राहिले असते गं," तो कुऱ्हाडीला म्हणाला. "तिथं मी पाय कुठे ठेवला असता? कोयत्यानं मला घर करून दिलं."

हिरूबाई तेव्हा कुऱ्हाडीला धार लावत बसली होती. ऐन आता भट्टीजोगा झाला होता.

कुऱ्हाडीनं फणकाऱ्यानं विचारलं, "मग किती दिवस राहणार आहेस तिथं?"

"ते मला काय विचारतेस?" धूर म्हणाला. "मागच्या वेळीही मी आपणहून निघालो नव्हतो."

धार लावणारा हिरूबाईचा हात थांबला.