राखाडीतली हवा

“पण हा रंग चुकीचा कसा असेल, उस्ताद?”

उल्का भाटकरने तळहाताएवढा लोखंडी पत्रा टेबलावर आपटला.

पत्रा साधासुधा नव्हता. ‘रणवेला’ ही जुनी युद्धनौका भंगारात निघाली, तेव्हा तोडकामाच्या आवारात चपला झिजवून उल्काने तिच्या अंगाचा हा तुकडा मिळवला होता. त्यावरचा राखाडी रंग खुद्द नौदलाचा होता.

तिने हुबेहूब तसा रंग तयार केला होता आणि ‘रणवेले’च्या हातभर लांबीच्या प्रतिकृतीला दिला होता. खात्री करायला म्हणून त्यातला एक थेंब तिने पत्र्यावर टाकून वाळवला होता. तो थेंब नेमका कुठे आहे, हे आता तिलाही दाखवता आलं नसतं.

“बघा ना! तसूभर फरक नाही.”

उस्ताद इब्राहिम मुकादमांनी पत्रा पाहिला. मग जहाज पाहिलं...

“रंग बरोबर आहे,” ते म्हणाले. “जहाज चुकलंय.”

उल्काच्या अंगाचा तिळपापड झाला.

मिऱ्या बंदराजवळच्या त्या कारखान्यात उस्ताद जहाजांच्या प्रतिकृती घडवत आणि घडवायला शिकवत. तिथली एक रीत होती. शिष्याचं जहाज पसंत पडलं, तर उस्ताद एवढंच म्हणत, “नाव घाल.” मग शिष्याने जहाजाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आपलं नाव बारीक अक्षरात रंगवायचं. उस्ताद काहीच बोलले नाहीत, तर जहाज बिननावाचं जायचं.

उल्काची आजवरची सगळी जहाजं बिननावाची गेली होती.

पण हे जहाज आपल्या हातून झालेलं सगळ्यात सरस काम आहे, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक कसलं, ती ते चारचौघांत सांगत फिरत होती. रविवारी ‘रणवेले’चे जुने खलाशी इथे जमणार होते आणि जहाज त्यांच्या हवाली व्हायचं होतं. ते आपल्या नावानिशी जावं, यासाठी ती जीव टाकत होती.

“चुकलंय म्हणजे? मापात चुकलंय? तोफा चुकल्यात?”

“नाही.”

“मग काय?”

उस्ताद उठले. “जहाज घे. तो पत्राही घे. बाहेर चल.”

पौषातली सकाळ होती. धक्क्यावर गार वारं सुटलं होतं. दूर समुद्रात नौदलाची एक गस्तीनौका मुक्कामाला आली होती.

“जहाजांना राखाडी रंग कशाला देतात?” उस्तादांनी विचारलं.

“शत्रूला दिसू नयेत म्हणून. हे तर शेंबड्या पोरालाही...” उल्काने जीभ चावली.

“मग तुझं जहाज मला दारातूनच कसं दिसलं?”

उत्तराची वाट न पाहता उस्तादांनी गस्तीनौकेकडे बोट दाखवलं. “त्या नौकेचा रंग कुठला?”

“हाच. नौदलाचाच.”

“तुझं जहाज तिच्याशेजारी धर.”

उल्काने हात लांब केला. दूरची नौका हातातल्या जहाजापेक्षाही लहान दिसत होती. आता उस्तादांचा डाव त्यांच्यावरच उलटणार, अशा थाटात तिने एक डोळा मिटला.

आणि तिचा चेहरा पडला. दूरची नौका फिकी होती, रंगात वाटीभर दूध ओतल्यासारखी. तिच्या कडा समुद्रात विरत होत्या. उल्काच्या हातातलं जहाज मात्र चुलीतून ओढून काढलेल्या कोळशासारखं काळंठिक्कर दिसत होतं.

“तुझ्या आणि त्या नौकेच्या मध्ये काय आहे?”

“पाणी.”

“आणि पाण्यावर?”

“...हवा.”

“तुझ्या आणि तुझ्या जहाजाच्या मध्ये?”

“काही नाही. हातातच तर आहे.”

“एवढंसं दिसणारं जहाज लांबच असणार. मग घाल.”

“काय घालू?”

“हवा.”

उल्काचा तोल सुटला. “हवा कुठल्या डब्यात मिळते, उस्ताद? दुकानदाराला काय सांगू, दोन डबे हवा द्या म्हणून?”

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हातातला पत्रा घेतला, तोंडाजवळ नेला आणि त्यावर एक लांब श्वास सोडला.

हाऽऽ...

गार पत्र्यावर वाफ धरली. नौदलाचा तो अस्सल, गडद राखाडी रंग बघता बघता फिका झाला. तो अगदी त्या दूरच्या नौकेसारखा झाला.

उल्का बघत राहिली... वाफ कडांकडून आटत गेली आणि पत्रा पुन्हा पहिल्यासारखा गडद झाला.

उस्तादांनी तो तिच्या हातात ठेवला आणि चहा प्यायला निघून गेले.

त्या दिवशी उल्काने पॉलिश पेपर घेऊन आपल्या हाताने दिलेला रंग आपल्याच हाताने खरवडला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने धुळीच्या नावावर खपवलं.

मग तिने त्याच राखाडीत पांढरा मिसळला. सोपं तर होतं! जहाज रंगवून ती दिमाखात उस्तादांपुढे उभी राहिली.

उस्तादांनी जहाजाकडे काळजीने पाहिलं.

“आजारी आहे?”

जहाज खरंच खडूने माखल्यासारखं दिसत होतं. पुन्हा पॉलिश पेपर आला. उल्का उस्तादांवर चिडली, रंगांवर चिडली आणि शेवटी चिडून चिडून दमली. दमल्यावर ती पहिल्यांदाच नीट बघू लागली.

पत्रा तिने खणात टाकला. रंगांची ताटली मांडीवर घेऊन ती धक्क्यावर जाऊन बसली आणि दूरच्या नौकेकडे पाहत राहिली. तो फिकेपणा नुसता पांढरा नव्हता. त्यात किंचित निळसर झाक होती. ऊन चढलं तशी त्यात धुळीची पिवळट छटाही आली. तिने राखाडीत पांढरा घातला, कुंचल्याच्या टोकाएवढा निळा मिसळला, पिवळ्याचा नुसता वास दिला, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लावून ते तुकडे एकेक करून नौकेशेजारी धरून पाहिले. जमलं नाही. पुन्हा मिसळलं. पुन्हा नाही.

दुपार कलली तेव्हा धरलेला तुकडा तिच्या बोटांत असून नसल्यासारखा झाला. त्याच रंगाने तिने जहाज रंगवलं आणि दुसऱ्या सकाळी हात लांब करून नौकेशेजारी धरलं. समुद्रातला रंग कुठला आणि हातातला कुठला, हे क्षणभर तिलाच कळेना.

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की जाळी विणत बसलेले कोळी दचकून उभे राहिले.

उस्तादांनी जहाज पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

पण “नाव घाल” काही ते म्हणाले नाहीत.

रविवारी खलाशी आले. पिकलेल्या केसांचे, काठी टेकणारे, काही बायकोच्या हाताला धरून. उल्का नवी साडी नेसून जहाजाशेजारी उभी होती. रंग कसा साधला, हे कुणी विचारलंच तर काय सांगायचं, हे तिने घोकून ठेवलं होतं.

कुणी विचारलं नाही.

“अरे, ही तर निघाली!” दारात पाऊल टाकताच एक म्हातारा म्हणाला. “नांगर उचलला बघ हिने!”

“तो जिना दिसतोय का?” दुसरा बायकोला सांगू लागला. “तिथून मी पडलो होतो. कप्तानाच्या अंगावर!”

“पडला नाहीस, उडी मारलीस. झोपेत,” तिसरा म्हणाला. कारखान्यात हशा पिकला.

आपली झोपायची जागा कुठली, यावरून दोघांची जुंपली. एक थकलेले गृहस्थ लांब उभे होते. त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली, काठी बायकोकडे दिली आणि ताठ उभे राहून जहाजाला सलाम केला.

उल्का आधी हिरमुसली. एवढा घाम गाळला आणि रंगाचा कुणी साधा उल्लेख करू नये!

मग एकदम तिच्या ध्यानात आलं. आजवर इतका आनंद तिला कशानेच झाला नव्हता.

उस्ताद दाराबाहेर पायरीवर बसले होते. ती साडी सावरत धावतच त्यांच्याकडे गेली.

“उस्ताद! रंगाबद्दल कुणी एक शब्दही बोललं नाही!”

“एकही नाही?”

“एकही नाही!” आरमार जिंकून आल्यासारखी ती ओरडली. “कुणाला दिसलाच नाही, उस्ताद! त्यांना नुसती ‘रणवेला’ दिसली!”

उस्तादांनी मान वळवून दारातून आत पाहिलं. म्हाताऱ्यांच्या खांद्यांआडून जहाजाचा जरासा भाग दिसत होता. उस्तादांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

“नाव घाल,” ते म्हणाले.

उल्काने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग उठली, डोळे पुसले आणि हसत म्हणाली, “सोनेरी रंगाची बाटली आणून ठेवलीय मी, उस्ताद. केव्हाचीच. सोनेरीत घालू ना?”

उस्तादही हसले...

“राखाडीत घाल. त्याच.”