शिडीवरचं रेडकू

फार वर्षांपूर्वी, वाघजाळीत म्हशी माणसांपेक्षा जास्त आणि पाणी दोघांच्याही मानानं कमी होतं, तेव्हाची ही गोष्ट.

त्या साली सगळी कुरणं करपली. एकाच विहिरीला पाणी उरलं, आणि ते एकाच गवताला पुरणार होतं. बाहेरगावाहून दोन संकरित गवतांची ठोंबं आली होती, ती वाफाभर लावून पाहिली. दोन्हींची आई बाजरी, बाप हत्तीगवत. एक उंच वाढायचं. दुसरं बुटकं, पण पानांनी गच्च. उंच गवताच्या बुडख्याला सकाळी बांधलेली शेळी संध्याकाळी शेंड्यावर बसलेली सापडली, असं म्हणतात. शेळीची काही तक्रार नव्हती.

पाटील म्हणाले, "उंचच लावायचं. डोळ्याला दिसतंय की!"

गवळीवाड्यातली कोंडामावशी म्हणाली, "म्हशी काय डोळ्यानं चरतात, पाटील? त्यांनाच विचारा."

"आणि तू चुकलीस तर?"

"तर चारा कमी पडल्यावर माझ्या दोन्ही म्हशी आधी गाव सोडतील."

बोलून तर बसली. त्या दोन म्हशींवरच तिची चूल पेटायची. दोघीही नुकत्याच व्यायलेल्या.

पवळीला बुटकं घातलं, चांदीला उंच. गाव गोठ्यासमोर बसून राहिलं. पवळीचं दूध वाढलं. चांदी स्वतःच वाढली. आधी तिची शिंगं छपराला लागली. मग छप्पर शिंगांवर आलं. शेवटी ती गोठ्याबाहेर उभी राहून देवळाच्या कळसावरच्या माश्या शेपटीनं हाकलत होती, असं म्हणतात.

"जिंकलं! उंच जिंकलं!" लोक टाळ्या पिटायला लागले.

पण चांदीचं रेडकू खाली मान ताणत होतं. आचळं पार आभाळात. रेडकू लुचल्याशिवाय चांदी पान्हा सोडेना, आणि पवळी परक्या रेडकाला लाथ मारायची. रेडकू ओरडून ओरडून गप्प झालं. तशा टाळ्याही थांबल्या.

मावशीनं देवळातली शिडी आणली, रेडकू खांद्यावर घेतलं आणि चढायला लागली. शिडी करकरली. मधेच एक पायरी तुटली, मावशी एका हातावर लोंबकळली.

"अगं पडशील!" पाटील धावले आणि त्यांनी शिडीला खांदा दिला.

थोड्या वेळानं वरून लुचण्याचा आवाज आला.

पाटील हळूच म्हणाले, "उतरा आता, मावशी. बुटकंच लावू."

"आधी ह्याचं पोट भरू दे. शिडी सोडू नका!"

पोट भरायला सांज झाली. पाटलांवर शिडी, शिडीवर मावशी, मावशीवर रेडकू. कुणी हसलं नाही, असं म्हणतात.

बुटकं गवत लागलं. त्या साली वाघजाळीतली एकही म्हैस गाव सोडून गेली नाही. चांदीही हळूहळू खाली आली.

आजही तिथं नवं गवत आलं, तर कुणी त्याची उंची मोजत नाही. पहिली पेंढी नुकत्याच व्यायलेल्या म्हशीला घालतात. मग तिचं रेडकू लुचून आडवं होईपर्यंत पाटलाच्या घरचा कर्ता कोंडामावशीच्या नावानं खांद्यावर शिडी घेऊन उभा राहतो. एका साली रेडकाला भूकच नव्हती. तेव्हाचे पाटील दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभे होते, असं म्हणतात.