खंडेनवमीला चाललेलं यंत्र

एकदा एक वयोवृद्ध गुरुजी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवीत असत. यंत्रांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. दृष्टांतकथांमध्ये वडीलधारे मुळातच शहाणे असतात. हे गुरुजीही शहाणे झाले, पण उशिरा.

कार्यशाळेत काचेच्या खोलीत एक नवं लेथ यंत्र होतं. लोखंडाची कांडी त्यात घट्ट पकडायची, गरगर फिरवायची आणि धारदार टूलने तासायची, एवढंच त्याचं काम. पण ते महागडं होतं, आणि तपासणी समिती आली की चकाकायला हवं होतं. म्हणून गुरुजींनी खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. प्रात्यक्षिकाच्या तासाला ते दार उघडत आणि बजावत, "हात मागे. डोळ्यांनी बघा." मुलं हात मागे बांधून बघत, परीक्षेत यंत्राची सुबक आकृती काढत आणि भरघोस गुण मिळवत.

त्यांची एक शिष्या सगळ्यांत पहिली आली. एका कारखानदाराने तिला मुलाखतीला बोलावलं. प्रश्नांची उत्तरं तिने तडफेने दिली. मग कारखानदार तिला यंत्रापाशी घेऊन गेला.

"ही कांडी लाव आणि थोडी तासून दाखव."

ती उभीच राहिली. तिचे हात आपोआप मागे गेले होते.

"अगं, लाव की!"

"सर... हात लावू का?"

आसपासचे कामगार हसले. एकाने हळूच विचारलं, "साहेब, कांदेपोहे मागवू का? मुलगी लाजतीये."

कारखानदार मात्र हसला नाही. "दसरा झाला की पुन्हा ये. तेव्हाही हात मागेच राहिले, तर तुझे गुण मला काय कामाचे?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि त्यांना काम सांगत नाहीत. काचेच्या खोलीत यंत्राला झेंडूची माळ घातली होती. प्राचार्य आणि विद्यार्थी जमले होते, आणि हळदकुंकवाचं ताट मानाने गुरुजींच्या हाती होतं. तेवढ्यात शिष्या आत आली.

"कशी झाली गं मुलाखत?" गुरुजींनी कौतुकाने विचारलं.

तिने सगळं सांगितलं, कांद्यापोह्यांसकट. कोणीतरी खुदकन हसलं. तिचा चेहरा लाल झाला.

"सर, मला लाज वाटली. रात्रभर वाटत होती. पण सकाळी वाटलं, ही लाज माझ्या एकटीची का? हात मागे बांधायला मला शिकवलं कोणी?"

"गुरुजींशी असं बोलतात?" प्राचार्य गरजले.

गुरुजींची मान खाली गेली. मग त्यांनी पूजेचं ताट बाजूला ठेवलं, यंत्रावरची माळ स्वतः काढली आणि म्हणाले, "पोरी, बाह्या वर कर. चष्मा लाव. यंत्र सुरू कर."

"सर, आज?" प्राचार्य चपापले. "आज हत्याराला हात लावत नाहीत!"

"का लावत नाहीत?" गुरुजी म्हणाले. "सुताराची करवत वर्षभर लाकूड कापते, म्हणून आज तिला विसावा. शेतकऱ्याचा नांगर राबून झिजतो, म्हणून आज त्याला हळदकुंकू. हे यंत्र वर्षभर विसावलं आहे. त्याला आणखी कसला विसावा देऊ? मी त्याच्यावर ओरखडा पडू दिला नाही आणि तीच माझी विद्या समजलो. यंत्र कोरं राहिलं, आणि त्याच्याबरोबर ही मुलंही. आज याचा सण असेल, तर तो याला काम देऊनच होईल."

शिष्येने कांडी पकडली, यंत्र सुरू केलं, टूल पुढे सरकवलं. खट्! टूलचं टोक तुटून पडलं. तिने यंत्र बंद केलं, आणि तिचे हात पुन्हा मागे गेले.

"हात पुढे," गुरुजी म्हणाले. "तुटलं, हे सगळ्यांनी पाहिलं. का तुटलं, ते तू सांग."

तिने तुटलेलं टोक उचलून निरखलं. "एकदम खोल घेतलं, सर."

"मग आता?"

तिने दुसरं टूल बसवलं आणि या वेळी अलगद पुढे नेलं. लोखंडाची निळसर सळसळती साल वळत वळत बाहेर आली. मागच्या रांगेतली मुलं टाचा उंचावून पाहू लागली. एकाने विचारलं, "सर, यानंतर मी?"

दसऱ्यानंतर ती कारखान्यात गेली. काही न विचारता तिने बाह्या वर केल्या आणि कांडी लावून तासून दाखवली. कारखानदाराने तिथेच कामावर रुजू व्हायची तारीख सांगितली.

ही बातमी द्यायला ती महाविद्यालयात आली, तेव्हा काचेच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. यंत्रावर ओरखडे होते, खाली लोखंडाचा चुरा पडला होता, आणि मुलामुलींचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. हात मागे बांधून तिथे एकच जण उभा होता. ते गुरुजी होते.

यंत्राला फूल वाहण्याआधी आपणही एकदा आपला खिसा चाचपून पाहावा, त्यात एखाद्या खोलीची किल्ली तर नाही ना.