आढ्यानं धरलेला शब्द

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे तांबडवाडीला स्वतःचा लोहार नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सांगताना सांगणाऱ्याच्याही अंगावर काटा येतो, तेव्हा ऐकताना कुणाला भीती वाटली तर लाजायचं कारण नाही. लहान पोरांना जवळ घेऊन बसा म्हणजे झालं.

त्या काळी नांगराचा फाळ बोथट झाला की तांबडवाडीची माणसं डोंगराच्या वळणाकडे डोळे लावून बसायची. सुगी संपली की त्या वळणावरून घिसाड्यांची गाडी यायची. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. गाडीतच भाता, गाडीतच ऐरण, गाडीतच चूल आणि पोरंबाळं. गावाबाहेर चार दिवस भट्टी पेटायची, फाळ-विळे शेवटून, म्हणजे तापवून ठोकून धार लावून व्हायचे, आणि गाडी पुढच्या गावाला निघायची.

कोंडाई अशाच एका गाडीतून आली. तिच्या नवऱ्याचं नाव हैबती. घिसाड्यांत तापलेलं लोखंड सांडशीत धरतो पुरुष, आणि त्यावर घण घालते बाई. कोंडाई घण घालायला लागली की ओढ्यातले बगळे उडून जायचे, असं म्हणतात. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा खणखणीत की समोरच्या डोंगरावर चरणारी गुरं मान वर करून बघायची.

पण एवढी धिप्पाड बाई एका गोष्टीला फार भ्यायची. तिला आधी दोन लेकरं झाली होती आणि दोन्ही वाटेवरच गेली. एक तापानं, एक साप चावून. दोघांना रस्त्याच्या कडेला पुरून गाडी पुढं निघाली, आणि पुढं कधी त्या वाटेनं परत आल्यावर त्या जागा शोधूनही सापडल्या नाहीत. तिसरी मुलगी झाली तेव्हा मरणाला ती नकोशी वाटावी म्हणून तिचं नाव ठेवलं चिंधी. तेवढ्यावर कोंडाईचं भागेना. ती लेकीला उठता बसता शिव्या घालायची. “मर मेले!” “जा, मर तिकडं!” जवळ घेऊन केस विंचरतानाही तेच. तिच्या आईनं तिला असंच वाढवलं होतं. ज्या पोराला आईच नको म्हणते ते मरण तरी कशाला उचलेल, अशी त्यामागची समजूत. वाटेवरच्या माणसांना असं बोलणं चालून जातं. बोललेला शब्द वारा घेऊन जातो आणि माणसं दुसऱ्या गावाला निघून जातात.

त्या वर्षी गावानं हैबतीला म्हटलं, “हितंच ऱ्हावा की. वढ्याकडची पट्टी पडीकच हाय. घर बांधा, भट्टी घाला.” हैबती घाबरला. एका जागी राहायचं म्हणजे काय करायचं, हेच त्याला समजेना. कोंडाईनं मात्र खाली वाकून तिथली माती मुठीत घेतली आणि म्हणाली, “लेकराला उंबरा मिळंल.” मग कुणाचंच काही चाललं नाही.

घर कसं आखतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिला मापं ठाऊक होती ती गाडीची. तिनं पट्टीवर गाडी उभी केली, भट्टीतली राख पदरात घेतली आणि गाडीभोवतीनं रेघ ओढत गेली. गाडीएवढी लांब एक खोली निजायला, बैलांसकट गाडी वळेल एवढी जागा भट्टीला. गावातली माणसं बघायला जमली. “घर बांधतीस का बैल जुंपतीस?” म्हणून खिदळली. कोंडाईही हसली, पण रेघ तिनं पुसली नाही. मग ती भट्टीतले चार निखारे मांडून कितीतरी वेळ धुराकडे बघत बसली. वारा ज्या अंगाला जात होता त्या अंगाला तिनं भट्टी नेमली, म्हणजे ठिणगी गवती छपरावर यायची नाही. दोन्हींवर मिळून एकच आढं, म्हणजे छपराची मधली तुळई. इकडं चूल, तिकडं ऐरण, मध्ये कारवीचा कुड. कुडाला तिनं एक खिडकी धरली. घण घालताना लेक नजरेसमोर असावी, एवढ्यासाठी.

आढं तोलणारे खांब म्हणजे मेढी, त्या पुरल्या. धर्मा सुतारानं ऐनाचं सरळसोट झाड तासून आढं तयार केलं. आढं चढवायच्या दिवशी सगळा गाव आला. त्याला हळदकुंकू लागलं, आंब्याची पानं बांधली. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. आपल्याकडे घराचं आढं चढताना कुणी चकार शब्द काढत नसे. नवं घर हे तान्ह्या पोरासारखं. आढं मेढींत बसलं की त्याला कान फुटतात, आणि पहिला शब्द कानी पडेल त्याला ते तथास्तु म्हणून बसतं. म्हणून त्या क्षणी गावातली सगळ्यात म्हातारी सवाष्ण पुढं होऊन म्हणायची, “सुखानं नांदा.” हा मान बायजाआत्याचा होता. ती तोंडात पान न घालता मुद्दाम तयार उभी होती.

तांबडवाडीच्या लेकराबाळांना हे ठाऊक होतं. कोंडाईला कुणी सांगितलंच नाही. घर बांधणाऱ्या बाईला एवढं ठाऊक असणारच, असं ज्याला त्याला वाटलं.

दोर ओढले गेले. आढं वर गेलं, मेढीच्या खाचेवर टेकलं, पण अजून पुरतं बसलं नव्हतं. तेवढ्यात एक करडू उड्या मारत मधोमध आलं आणि त्याच्यामागं धावत चिंधी. वर आढं हललं. कोंडाईच्या काळजाचं पाणी झालं आणि तोंडातून नेहमीचे शब्द गेले.

“मर मेले! मर तिकडं!”

पोरगी दचकून बाजूला पळाली. त्याच घटकेला आढं खाचेत धप्पकन बसलं. सगळीकडे चिडीचूप होतं. आणि त्या चिडीचूपात कुठंतरी वरून पाल चुकचुकली. ज्या लाकडावर सकाळपर्यंत साधी मुंगीही नव्हती, तिथं पाल आली कुठून, हे आजवर कुणाला उमगलेलं नाही. बायजाआत्यानं घाईघाईनं “सुखानं नांदा” म्हटलं, पण तोवर उशीर झाला होता. बायकांनी पोरं पदराखाली घेतली आणि गूळ न खाताच सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चिंधीला ताप भरला.

कोंडाई नव्या घरात तिच्या उशाशी बसली होती. तिन्हीसांजेला वारा पडला आणि वरून हळूच कुणीतरी बोललं, “मर मेले.” तिनं हैबतीकडे पाहिलं. हैबती पांढराफटक पडला होता. तो आवाज कोंडाईचाच होता. तिचाच खणखणीतपणा, तिचाच लाड, सगळं हुबेहूब. फरक एवढाच की कोंडाईचे ओठ मिटलेले होते. आढं बोललं की चिंधी शहारायची, आणि प्रत्येक वेळी तिचा श्वास थोडा आखूड व्हायचा.

स्वतःचा आवाज स्वतःच्या लेकराला मर म्हणताना ऐकणं याहून भयंकर काय असणार? कोंडाई आढ्याला हात जोडून म्हणाली, “माजं चुकलं. मी ते लाडानं म्हनले.” आढं उत्तरलं, “मर तिकडं.” त्याला तेवढंच येत होतं.

हैबतीनं बैल जुंपले. म्हणाला, “हे घर बी नको आन् हा गाव बी नको.” चिंधीला गाडीत घालून ते निघाले, पण ओढ्याच्या पाण्यात चाक शिरताच पोरगी लाकडासारखी ताठ झाली. श्वास थांबला. कोंडाईनं ओरडून गाडी मागं फिरवली, आढ्याखाली आणल्यावर तो पुन्हा सुरू झाला. मग धर्मा सुतार कुऱ्हाड घेऊन वर चढला. आढंच तोडून टाकू म्हणाला. त्यानं पहिला घाव घातला आणि खाली चिंधीनं किंकाळी फोडली. तिच्या दंडावर कुऱ्हाडीएवढा लांब लाल वळ उठला. धर्मा जो खाली उतरला तो त्यानं त्या घरावर पुन्हा हत्यार उचललं नाही.

बायजाआत्या दाराबाहेर उभी राहूनच म्हणाली, “बाई, त्यानं शबूद धरलाय. नव्या घरानं धरलेला शबूद सुटत न्हाई. तो पुरा हुईस्तवर ते बोलणार.” आणि तोंडाला पदर लावून ती गेली. तिच्या मागोमाग गावही गेला. गावाला दोष तरी काय द्यायचा? प्रत्येकाच्या घरात लेकरं होती, प्रत्येकाला वाटलं की तो शब्द आपल्या मागं येईल.

कोंडाई आढ्याखाली बसून राहिली. वर ते बोलत होतं, खाली पोरगी विझत चालली होती. तेवढ्यात हैबतीनं काहीतरी विचारलं, आणि नेहमीच्या सवयीनं त्यानं हातवारे केले. भट्टीवर दोघं समोरासमोर उभी असत, तरी घणाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांना ती सवयच लागली होती. कोंडाई ताडकन उठली.

“ऐरण आत घ्या,” ती म्हणाली.

दोघांनी ऐरण ओढत आणून आढ्याच्या बरोबर खाली ठेवली. लोखंड तापवायला सवड नव्हती. कोंडाईनं घण उचलला आणि रिकाम्या ऐरणीवर घातला. पत्र्यासारखा आवाज फुटला. दुसरा घाव, तिसरा घाव. आढं बोलत होतं की नाही कुणास ठाऊक, पण ते ऐकू येईनासं झालं, आणि चिंधीचं शहारणं थांबलं.

कोंडाई थांबली की आढं बोलायचं. म्हणून तिनं थांबायचंच सोडलं. हैबती तिच्या तोंडाला पाणी लावायचा, तिच्या हाताला तेल चोळायचा, आणि घण चालूच. गावाला झोप लागेना, गुरं दावं तोडू लागली. कुणी म्हणतं तीन दिवस, कुणी म्हणतं अमावस्या येऊन गेली. हाताचे फोड फुटले, दांडा लाल झाला. मधूनच घाव ढिला पडला की वरून शब्द झिरपायचा, पण दर खेपेला बारीक झालेला. आधी तो कोंडाईचा आवाज होता, मग थकल्या म्हातारीचा झाला, मग नुसतं किड्यासारखं गुणगुणणं उरलं. आणि एका सकाळी ऐनाचं ते आढं या टोकापासून त्या टोकापर्यंत कडाडकन उललं, असं म्हणतात. फटीतून भुसा खाली सांडला. त्यानंतर वर काही नव्हतं, साधं लाकूड होतं.

चिंधीनं डोळे उघडले. “आई, भूक लागली,” ती म्हणाली.

कोंडाई घण घालतच राहिली. पोरगी पुन्हा म्हणाली, मोठ्यानं म्हणाली. शेवटी हैबतीनं घणावरचे तिचे हात धरले. कोंडाईनं वळून पाहिलं तर लेक उठून बसली होती, तिचे ओठ हलत होते, आणि आवाज येत नव्हता. कोंडाईनं जी किंकाळी फोडली ती ओढ्यापलीकडे ऐकू गेली. “माज्या लेकीचा आवाज खाल्ला ह्या घरानं!” ती आढ्याकडे धावली. तिच्या हातून घण निसटला आणि ऐरणीवर पडला. तो पडताना तिला दिसला. पडल्याचं ऐकू आलं नाही.

मग तिला कळलं. ती हळूहळू लेकीजवळ गेली आणि तिच्या छातीवर तळवा ठेवला. आत काहीतरी थरथरत होतं, जसं कुणी मोठमोठ्यानं बोलत असल्यावर थरथरतं. तिनं हैबतीला विचारलं, “बोलतीय न्हवं?”

हैबतीनं मान डोलावली. तो रडत होता.

“मंग आसू दे,” कोंडाई म्हणाली.

त्या घरात ती म्हातारी होईपर्यंत राहिली. आयुष्यभर घण घातला, गावाचे नांगर चालते ठेवले, आणि लेकीचा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही. चिंधी लग्न होऊन गावातच नांदली. रोज दुपारी ती आईच्या दारात येऊन ओरडायची, “आई, जेवायला चल!” आईला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ओरडायची.

आज ते घर नाही, ओढ्यानं केव्हाच नेलं. पण तांबडवाडीत अजून कुठल्याही नव्या घराचं आढं मुक्यानं चढत नाही. हल्ली लाकडाच्या जागी लोखंडी अँगल आला, कुठं स्लॅब आला, तरी चढवायच्या वेळी जे लोखंड हाती लागेल ते बडवतात. फाळ, टिकाव, तुटक्या ट्रॅक्टरचा पत्रा, काहीही. घराला काही म्हणजे काही ऐकू जाता कामा नये. आणि या गावची कुठलीही आई छपराखाली पोराला मर म्हणत नाही. फारच राग आला तर बकोट धरून अंगणात नेते आणि तिथं काय ते बोलते. नव्यानं आलेल्या सुनांना याचं हसू येतं. मग कुणीतरी त्यांना ही गोष्ट सांगतं, आणि त्याही पोरांना घेऊन अंगणात जायला लागतात.

आढं बसलं की बडवणं थांबतं. मग घरातली सगळ्यात लहान मुलगी मधोमध उभी राहते. नव्या घराच्या कानी पहिला शब्द तिचा पडतो. बहिऱ्या माणसाला ऐकू जावं म्हणून ती जीव खाऊन ओरडते, “कोंडाई, जेवायला चल!” सगळे हात जोडून उभे असतात. एक पान वाढून उंबऱ्याशी ठेवलेलं असतं, आणि त्याच्यासमोर थोडा वेळ कुणी बसत नाही.