बांधाखालची बहीण

तळ्याकाठी सगळेच एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. बांधात राहणाऱ्या खेकड्याला एके सकाळी आपल्या बिळात पाझर दिसला. येईल-जाईल त्याला तो सांगू लागला, “बांध आतून भिजलाय. माती सुटतेय. आज रात्री फुटणार.”

“असं का?” म्हणून जो तो आपल्या वाटेने जाई. बातमी काही खेकड्याच्या दारापुढे सरकेना.

“डोकी आहेत का खोकी?” खेकडा टिटवीपुढे चिडला.

टिटवीने समोरून जाणाऱ्या उंदराला हाक मारली. “काय रे, तुझी बहीण बांधाखालीच राहते ना? बांध फुटतोय.”

उंदीर धावत सुटला. बहिणीला शेजारणीची आठवण झाली, शेजारणीला बाळंतीण सशिणीची. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती टेकडीवर पोचली.

अंधार पडता पडता एक बेडूक धापा टाकत खेकड्याच्या दाराशी आला. “खेकडेकाका, बांध फुटतोय! तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?”

खेकड्याने टिटवीकडे पाहिलं आणि हुश्श केलं.

“नाही रे बाबा. बरं झालं आलास,” म्हणत तो बेडकामागे टेकडी चढू लागला.