झिपरीचं वीतभर घोंगडं

माळावर होतं कडुलिंबाचं झाड. झाडात होती ढोली. ढोलीत राहायची झिपरी. झिपरी म्हणजे खार. एवढीशी, मुठीत मावेल एवढी.

झिपरीचं होतं एक घोंगडं. काळं काळं, वीतभर. खऱ्या लोकरीचं. झिपरीला त्याचा भारी तोरा.

एकदा थंडी आली. कुडकुड कुडकुड. झिपरीने घोंगडं काढलं. बघते तर काय, मधोमध भोक. कसर नावाच्या किड्याने लोकर खाल्ली होती. भोकातून वारा आत. सूं सूं सूं.

लिंबाचा पाला ठेवला की कसर लागत नाही. झिपरी राहायची लिंबात. आणि पाला ठेवायलाच विसरली. आहे की नाही वेडाबाई?

झिपरी निघाली. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. गेली हौसाक्काकडे. हौसाक्का घोंगडी विणायची.

"अक्का अक्का, घोंगडं शीव. थंडी माझी जाईना."

अक्काने घोंगडं उलटंपालटं केलं. सुती चिंधीचं ठिगळ लावू का, म्हणाली. झिपरीने शेपटी ताठ केली.

"चिंधी नको. लोकरीला लोकरच."

अक्का हसली. "मग लोकर आण, पोरी. लोकर आणल्याशिवाय शिवायची नाही."

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. झिपरी गेली पांढऱ्या मेंढीकडे.

"मेंढीताई मेंढीताई, लोकर दे. अक्का घोंगडं शिवीना, थंडी माझी जाईना."

"बें बें. दादाने कातरल्याशिवाय द्यायची नाही."

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. झिपरी गेली मेंढ्या राखणाऱ्या बिरूदादाकडे.

"दादा दादा, लोकर कातर. मेंढी लोकर देईना, अक्का घोंगडं शिवीना, थंडी माझी जाईना."

दादा म्हणाला, "ही मेंढी जाग्यावर उभी राहील तर ना. तिला बाभळीच्या शेंगा आवडतात. शेंगा आणल्याशिवाय कातरायची नाही."

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. झिपरी गेली बाभळीकडे. वर चढायला लागली. टुच. काटा टोचला. झिपरी खाली.

"बाभळी बाभळी, शेंगा टाक. दादा लोकर कातरीना, मेंढी लोकर देईना, अक्का घोंगडं शिवीना, थंडी माझी जाईना."

"वाऱ्याने हलवल्याशिवाय टाकायच्या नाहीत."

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. झिपरी गेली वाऱ्याकडे.

"वाऱ्या वाऱ्या, बाभूळ हलव. बाभूळ शेंगा टाकीना, दादा लोकर कातरीना, मेंढी लोकर देईना, अक्का घोंगडं शिवीना, थंडी माझी जाईना."

वारा म्हणाला, "भोक बुजलं तर मी आत शिरू कुठून? जा, नाही हलवत."

झिपरी मटकन बसली. नाक गार. कान गार. आता कुणाकडे जाणार? तिला रडूच आलं. मग तिने घोंगड्याकडे पाहिलं. डोळे पुसले. मान वर केली.

"वाऱ्या, तू एवढा मोठा. तू आहेस म्हणून तर माझ्या घोंगड्याला मान. आणि घोंगडं धुतलं तर वाळवणार कोण? तूच ना?"

हे काही वाऱ्याला सुचलंच नव्हतं. वारा फुगला. टम्म फुगला. आणि सुटला.

घूं घूं, वाऱ्याने बाभूळ हलवली.
टप टप, बाभळीने शेंगा टाकल्या.
कुरूम कुरूम, मेंढीने शेंगा खाल्ल्या आणि गुपचूप उभी राहिली.
कचक कचक, दादाने लोकर कातरली.
गर्र गर्र, अक्काने धागा कातला.
सुई वर, सुई खाली, घोंगडं शिवलं.

काळ्या घोंगड्यावर पांढरा ठिपका. चांदणीच जणू. अक्काने बजावलं, रोज झटकायचं. धुतलं तर गार पाण्यात. पिळायचं नाही. सावलीत वाळवायचं. गरम पाण्यात घातलंस तर आखडेल आणि त्याची कानटोपी होईल.

आणि पाला? पाला आता झिपरी विसरते होय?

संध्याकाळी वारा आला. सूं सूं सूं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. आत शिरायला वाटच नाही. झिपरीने चांदणी बाहेर काढून दाखवली. मोठ्या ऐटीत म्हणाली, "उद्या ये हं. घोंगडं वाळत घालायचंय."

झिपरीला ऊब, गोष्टीला गाठ.